अळणी ताट

"दोन्ही भांड्यांवर सारखंच झाकण ठेवलंस. आता मीठ कुठल्यात घातलंय ते कळणार कसं?" देमेत्रिओने दारातूनच विचारलं.

"चाखून बघू की, नोय."

"चाखून? झाडातल्यांचं ताट तू चाखणार? तागबिलारान शहरात राहून अक्कल गहाण टाकलीस की काय?"

पुरिंगने जीभ चावली आणि उजवीकडच्या झाकणावर चुलीतली एक काडी आडवी ठेवली. उजवीकडचं खारट, डावीकडचं अळणी. दोन्हीत एकाच पांढऱ्या कोंबडीचं मांस आणि एकाच पोत्यातला तांदूळ होता. थोरल्या भावाला, नोयला, उलट बोलायची तिला सवय नव्हती. शाळेत चाळीस पोरांना धाकात ठेवणारी ही बाई या घराचा उंबरा ओलांडला की पुन्हा धाकटी बहीण व्हायची.

वडिलांना जाऊन वर्ष झालं होतं. कालच चर्चमध्ये वर्षाची प्रार्थना झाली, सगळ्यांनी काळे कपडे उतरवले, आणि शोक संपल्याबरोबर घरातल्या बोलण्याला धार आली. वर्षभर पोटात ठेवलेलं कालच्या जेवणातच बाहेर पडलं. झऱ्यावरची महोगनी तोडायची, आणि धाकट्या तेओच्या बायकोचं, आदेल्फाचं, बाळंतपण व्हायच्या आत सावत्र आईने, तियाने, सिकिहोरच्या बोटीत बसायचं. देमेत्रिओने हे दोन्ही एका दमात सांगून टाकलं, जणू दोन्ही मिळून एकच काम होतं.

एका अर्थी होतंही. पहिली बायको तेओच्या बाळंतपणात गेली, आणि वर्ष भरायच्या आत त्यांच्या तातायने, म्हणजे वडिलांनी, महोगनीची रोपं आणि दुसरी बायको एकाच हंगामात या डोंगरावर आणली. रोपं सरकारी ट्रकमधून आली, होनोराता सिकिहोरच्या बोटीतून. दोघांचंही मूळ कुणाला ठाऊक नाही, आणि दोघंही पटापट रुजली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं गावातल्या बायका म्हणायच्या, आणि ते झाडाला की बाईला हे कधीच स्पष्ट करायच्या नाहीत. सिकिहोर म्हणजे करणी करणाऱ्यांचं बेट. आमच्या बोहोल बेटावर हे पोरांना अंगठा चोखायच्या वयातच कळलेलं असतं. तिन्ही मुलांनी तिला तिया म्हणायचं ठरलं. तिया म्हणजे मावशी, आणि मावशीला परत पाठवता येतं.

ती तिया आता बाहेर बाकावर शेंगा सोलत बसली होती. ताटांना तिचा हात लागू नये म्हणून आज तिला स्वयंपाकघराची बंदी होती. तिची चूल पुरिंगला नीट पेटवताही येत नव्हती, आणि मीठ कुठे ठेवलंय तेसुद्धा खिडकीतून ओरडून तिलाच विचारावं लागलं होतं. पुरिंगला त्याची लाज वाटली. आणि लाज वाटली की ती शिकवायला लागायची.

"तिया, यात माझं मनाचं काही नाही हं," ती खिडकीतून म्हणाली. "आमच्या शिक्षकांच्या शिबिरात एक साहेब आले होते. त्यांनी सांगितलं, हे परदेशी झाड फार घातकी. पाला कुजतो तिथे दुसरं काही उगवू देत नाही. पाखरं बसत नाहीत. पाणी ओढून घेतं. अशी झाडं हुडकून काढून टाकली पाहिजेत म्हणाले."

"काल तू काय जेवलीस गं?" तियाने मान वर न करता विचारलं.

"कण्या. मक्याच्या. का?"

"मका कुठला? तुझे तातायच सांगायचे, पाद्र्यांच्या जहाजातून आला म्हणून. कसावा त्याच जहाजातला, पपई त्यातली, तंबाखू त्यातलीच. आणि तंबाखू तर तुम्ही आज त्यांच्या ताटात मानाने ठेवणार. खाता आलं की आपलं, खाता नाही आलं की राक्षस. हे नाही सांगितलं तुमच्या साहेबाने?"

अंगणात दोरखंड गुंडाळत असलेला तेओ फिस्सकन हसला. देमेत्रिओने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तेओने पुन्हा मिठाची गुळणी धरली. तियानेच त्याला अंगाखांद्यावर वाढवलं होतं, आणि तिने जावं की राहावं यावर काल रात्रीपासून त्याच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं. पुरिंगला भावाचा राग आला. मग आठवलं की आपणही होला होच केलं होतं.

*

देमेत्रिओ दुष्ट नव्हता. हे मी सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तसं वाटेल. तो घाबरलेला होता, आणि घाबरलेला थोरला मुलगा घरात सगळ्यात जास्त आरडाओरडा करतो. दोन वर्षांपूर्वी तेओ आणि आदेल्फाचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं, तेव्हा ती छोटी पेटी दफनभूमीपर्यंत यानेच उचलून नेली होती. तिचं वजन अजून त्याच्या हातांना आठवत होतं. आता आदेल्फाला पुन्हा सातवा लागला होता, पावसाचा पत्ता नव्हता, आणि आजोबा-पणजोबांपासून वाहता असलेला झरा या फेब्रुवारीत आटला. तोही नेमका महोगनीच्या मुळाशी. एवढं सगळं आपोआप होत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. कुणीतरी करत असतं.

दुपारी सगळे महोगनीच्या राईच्या कडेला जमले. करवतवाले खाली मान घालून सावलीत बसले होते. गावचा वैदू आपो सिद्रो पिशवी पोटाशी धरून राईत बघत उभा होता.

बघण्यासारखं तिथे काही नव्हतं, आणि तीच तर भीती होती. सरळसोट काळपट खोडं, एकामागे एक, ओळीने लावलेली. खाली ना गवत ना झुडूप. नुसता तांबडा वाळलेला पाला, पोटरीपर्यंत. रातकिडा नाही, पाखरू नाही. मध्येच वर कुठेतरी एखादं फळ कडाडून फुटायचं आणि त्यातल्या पंखवाल्या बिया गरगरत, अगदी सावकाश खाली यायच्या. आमच्या जंगलात दुपारीही इतका गलका असतो की माणसाला ओरडून बोलावं लागतं. इथे लोक आपोआप कुजबुजायला लागत.

"वडातल्यांना मी ओळखतो," सिद्रो म्हणाला. "बांबूतल्या म्हातारीशी तर माझं भांडणसुद्धा होतं. पण यांच्यात कोण आहे ते मला कधीच कळलं नाही, देमे. तुझ्या बापाने लावली तेव्हापासून अधूनमधून हाक मारून बघतो. ओ येत नाही. आपले कुणी इथे राहायलाच आले नाहीत."

"मग बरंच झालं. घर रिकामं, तर परवानगी कुणाची? लावा करवत."

"रिकामं घर किती दिवस रिकामं राहतं रे? कुणी ना कुणी शिरतंच."

करवतवाल्यांनी माना डोलावल्या. त्यांतला मोठा देमेत्रिओला, गावच्या कारभाऱ्याला, म्हणाला, "कोण शिरलंय ते कळल्याशिवाय आम्ही करवतीची दोरी ओढणार नाही, कप्तान. मागच्या वर्षी असंच झाड तोडून माझ्या मेव्हण्याचं तोंड वाकडं झालं ते अजून सरळ नाही."

म्हणून तर दोन ताटं. जे आपल्यासारखे नाहीत, त्यांना मीठ सोसत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक. अळणी ताट हललं, तर आपल्याच मुलखातले कुणी इथे शिरलेत. त्यांची समजूत काढणं सिद्रोचं काम. काहीच हललं नाही, तर रिकामं, खुशाल तोडा.

"आणि खारट हललं तर?" पुरिंगने विचारलं.

म्हातारा हसला. "खारट माणूस खातो. नाहीतर कुत्रं. आणि यात कुत्रं जात नाही, बाई. आत हाकून बघ."

सिद्रो आणि देमेत्रिओ ताटं घेऊन आत गेले. पावलापावलाला पाला पापडासारखा मोडत होता. सगळ्यात जाड झाडाच्या बुंध्याशी त्यांनी ती शेजारी शेजारी मांडली, माडीचा पेला ठेवला, तंबाखू ठेवली, आणि मागे न बघता परत आले. ताटं खोडाच्या पलीकडच्या अंगाला होती, बाहेरून दिसत नव्हती. देमेत्रिओने तियाला सगळ्यांच्या पुढे बसवलं. "इथे बस. सगळ्यांना दिसशील अशी."

"बसते की," तिया म्हणाली. "बसायला काय लागतं?"

*

आदेल्फा तिच्या शेजारी टेकली. पाय सुजले होते, आणि ती बसताच तियाचा हात आपसूक तिच्या घोट्यावर गेला. गेले कित्येक दिवस ती रोज खोबरेल तेलाने ते पाय चोळत होती. पुरिंगने मागून खाकरून दाखवलं. आदेल्फाने पाय आखडता घेतला.

तिला लगेच वाईट वाटलं. तिया काही बोलली नाही, पण तिने हात मांडीवर परत नेला, तो असा, की एखाद्याने दार लावून घ्यावं. आदेल्फाच्या उशीखाली पुरिंगने येताक्षणी, पोटातल्या बाळावर टपणाऱ्या करणीवालीपासून राखण म्हणून, कोयता ठेवला होता. छपरावर रात्री काहीतरी खुडखुडतं असं आदेल्फानेच तिला फोनवर सांगितलं होतं, आणि आता तिला वाटत होतं, नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. खुडखुड खरी होती. पण छपरावर पाली असतात. आणि पहिलं बाळ गेलं तेव्हा तिच्या बिछान्याशी बसून कोण रडलं होतं? पुरिंग तर मातीच्या दिवशी पोचली.

तिने पाय पुन्हा पुढे केला. स्वतःच.

तियाने तिच्याकडे पाहिलं. "थंड पडलेत गं इंदाय, पाय," लेकीला हाक मारावी तसं एवढंच म्हणाली आणि चोळू लागली.

सगळे ऐकत होते. आत पाला वाजला नाही. फळं फुटत होती, बिया खाली येत होत्या, बाकी काही नाही. ऊन डोक्यावरून कलायला लागलं तेव्हा सिद्रो उठला आणि सगळे त्याच्यामागे घोळक्याने आत शिरले. तिया तेवढी बसून राहिली, तिला कुणी बोलावलं नव्हतं. इतक्या पायांनी पाल्याचा असा आवाज झाला की आदेल्फाने कानांवर हात ठेवले.

अळणी ताट ठेवलं तसंच होतं. त्याला मुंगीसुद्धा लागलेली नव्हती.

खारट ताट रिकामं होतं. शीत नाही, हाड नाही. चाटून पुसून लख्ख, आणि कडेला अजून ओल.

सगळ्यांनी वाकून पाहिलं. मग देमेत्रिओ म्हणाला, "कुत्रं."

"कुत्रं आलं असतं तर पाला वाजला नसता, कप्तान?" करवतवाला म्हणाला. त्याने आपला बूट पाल्यावर टेकवला. कर्रर्र. "आपण कान टवकारून बसलो होतो."

एकेक करून सगळ्यांची तोंडं बाहेर वळली, जिथे ती बाई एकटीच बसली होती.

"ती माझ्याजवळ होती," आदेल्फा मोठ्याने म्हणाली. तिचा आवाज राईत भलताच घुमला. "सगळा वेळ तिचा हात माझ्या पायावर होता. तुम्ही बघितलंत की! ती जागची हललीसुद्धा नाही!"

तिला वाटलं होतं, हे ऐकून तोंडं निवळतील. तोंडं आणखी पांढरी पडली. आणि मग तिच्याही लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो ते. सिकिहोरच्या बायका जातात तेव्हा अंग मागेच ठेवून जातात. जी साक्ष द्यायला ती पुढे झाली होती, तीच तियाविरुद्ध पुरावा झाली. तिच्या पोटात बाळाने लाथ मारली, आणि घोट्यावर जिथे तो हात होता तिथे तिला गार वाटू लागलं.

सिद्रोने अळणी ताट उचललं, अन्न पाल्यात ओतलं आणि ताट पिशवीत घातलं. "माझं काम झालं."

"काय झालं? कोण आहे ते तर सांगा!"

"तेच तर सांगतोय. हे आपल्यातलं कुणी नाही. माणूस नाही, आणि माणसासारखं मीठ खातं. याच्यासाठी माझ्याकडे प्रार्थना नाही, देमे. माझ्या बापाकडेही नव्हती." तो चालू लागला, आणि बाहेर पडताना तियासमोर थांबला. "होनोराता, परक्याचं बोलणं परक्यालाच कळायचं. बघ विचारून, तोडू देतं का."

देमेत्रिओ राईतून बाहेर आला. मग त्याने टोपी काढली, हातात फिरवली. काल रात्री जिला बोटीत बसायला सांगितलं होतं तिच्यासमोर तो उभा होता.

"विचार ना, तिया," तो म्हणाला. "एकदा विचारून तर बघ."

*

होनोराता उठली. गुडघे वाजले. ती अनवाणी आत गेली, नेहमी जायची तशी, एका मुळावरून दुसऱ्या मुळावर पाय ठेवत. ही रोपं गुडघ्याएवढी होती तेव्हा तिने झऱ्यातून बादल्या भरून यांना पाणी घातलं होतं, आणि आज तोच झरा यांनी आटवला म्हणून दोघांना एकदमच शिक्षा होत होती. कुठलं मूळ कुठे वर आलंय हे तिला पाल्याखालीही ठाऊक होतं. बाहेरच्यांना एवढंच दिसत होतं, की म्हातारी पाल्यावरून चाललीय आणि पाला वाजत नाही.

बुंध्यामागे ती वाकली. रिकाम्या ताटाच्या कडेवरून बोट फिरवलं. ओल होती. तिने बोट झटकन मागे घेतलं. ती काही धीराची बाई नव्हती, नुसती गप्प राहणारी बाई होती.

"कोण आहेस?" तिने विचारलं. "भूक लागली होती का?"

वर एक फळ फुटलं.

"ते तुला तोडायचं म्हणतायत. मला पण घालवतायत. तुझं काही म्हणणं असेल तर आता सांग."

बिया तिच्या खांद्यावर, केसांवर येऊन बसल्या. ती वाट बघत राहिली, अगदी मनापासून. कुणी बोललं नाही. कुणी आहे असंही वाटलं नाही. जे आलं होतं ते जेवून निघून गेलं होतं, आणि आता इथे झाडं होती, नुसती झाडं.

आणि मग तिला उमगलं, की आता आपण बाहेर जाऊन काहीही सांगू शकतो. एक वाक्य पुरे होतं. होनोराता या घरातून गेली तर मी त्या घरात येईन, असं ते म्हणतं. बस. पुन्हा कुणी बोटीचं नाव काढलं नसतं. तिचा नवरा जिथे पुरलाय ते गाव, तिची चूल, तेओ, आणि पावसाच्या तोंडावर येणारं ते बाळ, सगळं राहिलं असतं. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, इतकं तयार, की तिला भीती वाटली. कारण ते एकदा बोललं, की गेली पस्तीस वर्षं हे लोक जे म्हणत आलेत ते आपण स्वतःच्या तोंडाने होऊ. आणि त्या बाळाला न्हाऊ घालणारे हात मग नेमके कुणाचे असतील?

तिने केसांतल्या बिया झटकल्या, ताट पदराखाली धरावं तसं छातीशी धरलं आणि आली तशीच, मुळांवरून, परत फिरली.

ती बाहेर आली ते कुणाला कळलंच नाही. पुरिंग दचकून किंचाळली.

"आत कुणी नाही," होनोराता म्हणाली. "विचारलं मी. दोनदा विचारलं. कुणी ओ दिली नाही. तुम्हाला तोडायची तर तोडा. बोट सकाळची आहे की दुपारची, तेवढं सांगा, म्हणजे मला कपडे धुऊन घेता येतील."

तिला वाटलं होतं, देमेत्रिओ सुटकेचा श्वास सोडेल. तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो तिच्या खांद्याच्या मागे बघत होता.

"आत नाही?" तो म्हणाला. "मघाशी तर होतं. जेवलं. आता आत नाही, म्हणजे..." तो एक पाऊल मागे सरला. "म्हणजे तुझ्याबरोबर बाहेर आलं."

"अरे, काहीतरीच काय—"

पण करवतवाले उठले होते. त्यांनी करवत खांद्यावर टाकली आणि उतार उतरायला लागले, घाईने, मागे न बघता. पुरिंगने छातीवर क्रूस काढला. तेओ एक पाऊल पुढे आला, "तिया," म्हणाला, आणि आदेल्फाने त्याचा सदरा मागून घट्ट पकडला. दुसरा हात तिने पोटावर ठेवला होता. होनोराताने आदेल्फाकडे पाहिलं. मघाशी स्वतःहून पाय पुढे करणारी पोर ती हीच. आदेल्फाने नजर खाली घातली.

"बोट नाही," देमेत्रिओ भराभर बोलू लागला. "बोटबीट काही नाही. ते मी रागात बोललो होतो. झाडंही राहू देत. घर तुमचंच आहे. तुम्ही म्हणाल तसं होईल इथे. फक्त... बाळाला काही..." अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या हातात टोपी चुरगाळत उभा होता.

"देमे, मी आहे रे. मी," ती म्हणाली.

"हो, नानाय," तो म्हणाला.

आई. त्या घरात तिला ही हाक कुणी कधी मारली नव्हती, तेओनेही नाही. कित्येक वर्षं ती दिवसातून एकदा तरी मनातल्या मनात ही हाक ऐकायची, आणि ती खरी आली तर आपण रडू, असं तिने गृहीतच धरलं होतं. रडू आलं नाही. तिच्या अंगावर काटा आला. कारण हाक मारताच देमेत्रिओ वाट सोडून बाजूला झाला, बाकीच्यांनाही हाताने बाजूला सारलं, आणि ती पुढे निघून जाईपर्यंत सगळे श्वास रोखून उभे राहिले.